घरच्या शेडमध्ये टू-के पेंट मारायचाय, बाहेरच्या हवेचा मास्क कसा जमवायचा?

जीपवाला_मिरज:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, वेळ काढून वाचा. घरची जुनी महिंद्रा एमएम ५४० उघडून ठेवलीय, पत्राकाम झालं, लांबी भरून झाली, प्रायमरही संपत आलाय, आता रंग. रंग स्वतःच मारायचा हे ठरलंय, गन हातात बसलीय, घरची कपाटं, गेट, मित्राची बुलेट असं एनसी म्हणजे हार्डनर न लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोज पेंटमध्ये बरंच केलंय. पण जीपला ह्यावेळी टू-के पीयू मारायचाय, म्हणजे मारायच्या आधी हार्डनर मिसळायचा तो पॉलियुरेथेन पेंट, खाली रंगाचा बेसकोट आणि वर बिनरंगी क्लिअरचे दोन-तीन हात, म्हणजे हार्डनर आलाच. हार्डनरच्या डब्यामागे बारीक अक्षरात लिहिलंय की आयसोसायनेट आहे, फवारा श्वासात जाऊ देऊ नका, हवा पुरवणारा मास्क वापरा. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला अहो रुमाल बांधा की, अख्खा जिल्हा तसंच मारतोय. ओळखीतले एक जुने पेंटर म्हणाले काम झालं की गुळाचा खडा खायचा, वर ग्लासभर दूध, छातीतलं सगळं निघून जातं. मला काय ते पटेना म्हणून इथं विचारतोय.

माझ्याकडे काय काय आहे सांगतो. थ्री एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर, ऑइलवाला. अर्धा चेहरा झाकणारा रबरी मास्क, दोन्ही बाजूला ऑरगॅनिक व्हेपरची, म्हणजे थिनरसारख्या वाफा शोषणारी कार्ट्रिज आणि पुढं धुळीचं फिल्टर. शेड घराच्या मागं, पत्र्याची, तीन बाजू बंद, चौथीला शटर, एक साधा एक्झॉस्ट फॅन. घर आणि शेडमध्ये पंधरा-वीस फूट अंतर असेल. घरात आईला दमा आहे आणि दोन लहान पोरं आहेत, म्हणून जास्त काळजी.

तर हा कार्ट्रिजचा मास्क पुरेल का? नसेल तर त्याच कॉम्प्रेसरमधून फिल्टर लावून मास्कला हवा घेता येईल का? आणि ते बाहेर पंप ठेवून पाईपनं हवा आणायचे तयार सेट ऑनलाइन बघितले, किंमत बघून थांबलो, तसलं काहीतरी ब्लोअर किंवा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून घरी करता येईल का? कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सविस्तर सांगा.

गन_भोसरी:

दादा, मी बॉडी शॉपमध्ये पेंटर आहे, आमच्याकडे बूथ म्हणजे रंग मारायची खास बंद खोली आहे आणि बूथमध्ये एअर-फेड, म्हणजे पाईपनं हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय कुणी हार्डनरचं काम करत नाही, तर अनुभवाचं सांगतो. गूळ-दूध सोडून द्या. गूळ पोटात जातो, फवारा फुप्फुसात जातो, दोघांची गाठ कुठं पडत नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज वासाचा आहे. तुम्हाला जो वास येतो तो थिनरचा असतो, हार्डनरचा नाही. कार्ट्रिज भरलं की थिनरचा वास आत यायला लागतो आणि माणूस म्हणतो चला बदलूया. एनसीत हे चालतं. पण आयसोसायनेट नाकाला कळायच्या कितीतरी आधी नुकसान करण्याइतकं असतं, त्यामुळं वास येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे हा हिशोब इथं लागूच होत नाही. आणि अर्ध्या मास्कमध्ये डोळे उघडे राहतात ते वेगळंच.

आमच्या आधीच्या शॉपमध्ये एक फार चांगला कारागीर होता, मेटॅलिकमध्ये त्याच्यासारखा हात मी बघितला नाही. कायम कापडी मास्क. आधी रात्रीचा खोकला, मग छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज, मग अशी वेळ आली की बाजूच्या गाळ्यात कुणी हार्डनरचा डबा उघडला तरी ह्याचा श्वास कोंडायचा. आता त्याला ह्या धंद्यात पायच ठेवता येत नाही. म्हणून तुम्ही आधी विचारताय हे फार बरं केलंत.

कॉम्प्रेसरच्या हवेचं मी सांगत नाही, त्यातले जाणकार सांगतील. आमच्याकडं फिल्टरचा मोठा सेट भिंतीवर आहे आणि त्याची तपासणी होते, घरी तसं होणं अवघड आहे एवढंच म्हणतो.

सेफ्टी_तळोजा:

केमिकल कंपनीत सेफ्टी बघतो. मास्क कुठल्या कंपनीचा हे नंतर, पहिला प्रश्न हवा कुठून येते हा. चेहऱ्यावर कितीही भारी काच लावा, पाईपच्या दुसऱ्या टोकाला जे आहे तेच तुम्ही श्वासात घेणार.

आधी आयसोसायनेटबद्दल. हे नाव ऐकलं की लोकांना लगेच भोपाळ आठवतं, आणि ते चुकीचं नाही, डिसेंबर १९८४ ला तिथं सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, ह्याच कुटुंबातला. पण तो ३९ अंशालाच उकळतो, म्हणजे लगेच वायू होतो. गाडीच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये बहुतेक एचडीआय ह्या रसायनापासून बनवलेली जड संयुगं असतात, ती स्वतःहून फारशी उडत नाहीत. म्हणून डबा उघडा ठेवला तर हवेत कमी जातं, पण गनमधून मारलं की तेच बारीक तुषार होऊन हवेत तरंगतं आणि सरळ फुप्फुसात खोलवर जातं. म्हणजे ब्रशनं लावणं आणि गननं मारणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेनं एचडीआयसाठी दिवसभराच्या सरासरीची जी मर्यादा सुचवलीय ती हवेच्या एक अब्ज भागांत ५ भाग इतकी आहे, आणि थोड्या वेळासाठीसुद्धा २० च्या वर नको. बंद शेडमध्ये जीपला क्लिअर मारताना ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. आपल्याकडंही कारखाना अधिनियम १९४८ च्या अनुसूचीत कळवायलाच हवेत अशा रोगांमध्ये आयसोसायनेटची विषबाधा नाव घेऊन घातलेली होती, त्यामुळं हे परदेशी लाड आहेत असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका.

आता तुमचा कॉम्प्रेसर. माझं उत्तर नाही असं आहे, कारणं सांगतो. ऑइलवाल्या पिस्टन कॉम्प्रेसरमधून तेलाचे तुषार येतात, पाणी येतं, आणि मशीन जास्त तापलं की आत तेल जळून कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. तेल आणि पाणी फिल्टरनं बऱ्यापैकी अडवता येतं, वासासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन लावता येतो, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन त्याला धरत नाही. त्याच्यासाठी हॉपकलाइट नावाचं मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचं वेगळं मिश्रण लागतं, आणि ते ओलाव्यानं मरतं, म्हणजे त्याच्या आधी हवा कोरडी करायची सोय लागते. वर सतत मोजणारा अलार्म. अमेरिकेत श्वासासाठीच्या हवेला ग्रेड डी म्हणतात, त्यात ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत १० भागांच्या आत, कार्बन डायऑक्साइड १००० च्या आत, तेल घनमीटरला ५ मिलिग्रॅमच्या आत, आणि युरोपातला नियम तर ह्याहून कडक आहे. बाजारात जो दोन-तीन काचेच्या भांड्यांचा फिल्टर-रेग्युलेटर मिळतो तो गनसाठी आहे, रंगात पाण्याचे थेंब येऊ नयेत म्हणून. तो माणसासाठी नाही.

दुसरं म्हणजे मापच बसत नाही. तोंडाला घट्ट बसणाऱ्या मास्कला कमीत कमी ४ सीएफएम म्हणजे मिनिटाला साधारण ११५ लिटर हवा लागते, सैल हूडला ६ सीएफएम म्हणजे १७० लिटर. थ्री एचपीचा कॉम्प्रेसर जेवढी हवा देतो तेवढी जवळजवळ सगळी एचव्हीएलपी, म्हणजे कमी दाबाची पण जास्त हवा लागणारी गनच खाते. तुम्ही ट्रिगर दाबला की मास्कची हवा पडणार, म्हणजे नेमकी जेव्हा सगळ्यात जास्त गरज आहे तेव्हा.

म्हणून घरासाठी कमी दाबाचा, बिनतेलाचा, फक्त श्वासासाठी बनवलेला पंप, तो शेडच्या बाहेर स्वच्छ हवेत, तिथून पाईप आत. तुम्ही ऑनलाइन बघितला तो प्रकार बरोबर आहे.

बुलेट_राजा_७७:

एवढा खर्च कशाला, आमच्याकडं कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, ५ लिटरचा, खूप जणांच्या घरी असेल. तो शेडबाहेर ठेवून नळी आत घ्यायची. किंवा सरळ सिलिंडर भाड्यानं आणायचा. शुद्ध ऑक्सिजन म्हणजे तर अजून चांगलं ना?

सेफ्टी_तळोजा:

भाऊ, चांगल्या मनानं सुचवलंत पण हे करू नका, आणि वाचणाऱ्या कुणीही करू नका. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर म्हणजे मिनिटाला ५ लिटर, वर सांगितलं तसं इथं ११५ च्या पुढं लागतात. बाकीची सगळी हवा तुम्ही नाकाच्या बाजूनं त्या रंगाच्या धुक्यातूनच ओढणार. रुग्णाला नळी लावतात ती त्याच्या हवेत थोडा ऑक्सिजन वाढवायला, बाहेरची हवा बंद करायला नाही.

आणि सिलिंडर तर अजिबात नको. थिनरच्या वाफा भरलेल्या शेडमध्ये ऑक्सिजन वाढवणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. कपड्यात ऑक्सिजन मुरतो, मग एक ठिणगी पडली की कापड भडकन पेटतं. तेल-ग्रीस लागलेल्या फिटिंगवर दाबातला ऑक्सिजन आला तर ठिणगीचीही गरज लागत नाही. श्वासाला साधी हवा पाहिजे, ऑक्सिजन नाही.

व्हॅक्यूम क्लीनरचं जीपवाल्यांनी विचारलं होतं ते राहिलं. त्याच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, त्यांची धूळ, ठिणग्या आणि थोडा ओझोन हे बहुतेक मॉडेलमध्ये त्याच हवेत मिसळतं, कारण हवा मोटरवरूनच जाते. शिवाय ती हवा तापते. पाने उडवायच्या ब्लोअरचं तेच. आणि ह्यातलं काहीही मध्येच बंद पडलं तर तुम्हाला कळायला कसला इशारा नाही. मत्स्यालयाचा पंप कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, त्याची हवा फारच कमी, हूडमध्ये तुमचाच सोडलेला श्वास साठत जाईल.

सागवान_कुडाळ:

मी फर्निचरवाला, कुडाळला वर्कशॉप आहे. लाकडावर पीयू मारतो, म्हणजे हार्डनर रोजचाच. आणि लाकूडवाल्यांनी हे खास वाचावं कारण आपल्या पीयूच्या हार्डनरमध्ये बरेचदा टीडीआय नावाचा दुसरा आयसोसायनेट असतो, तो गाडीच्या हार्डनरमधल्या एचडीआयच्या जड संयुगांपेक्षा जास्त उडणारा असतो. कित्येक कारागीर एसी लावलेल्या बंद फ्लॅटमध्ये पीयू मारतात, खिडक्या बंद कारण धूळ बसू नये, ते बघून जीव घाबरा होतो. मेलामाइन पॉलिश मारणाऱ्यांनाही सांगतो, त्यात आयसोसायनेट नाही पण फॉर्मल्डिहाइड सुटतो, आणि साधं ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज त्याला नीट धरत नाही.

मी बाहेर पंप ठेवायचा सेटच वापरतो, फुल हूडवाला, कारण मला चष्मा आहे आणि दाढी आहे. घट्ट मास्कला दाढी चालत नाही, दोन दिवसांची खुंटं असली तरी कडेनं गळती होते. आणि पूर्ण चेहऱ्याच्या घट्ट मास्कमध्ये चष्म्याच्या काड्या घातल्या तर तिथून गळती. हूडमध्ये ह्या दोन्ही अडचणी नाहीत, हवा वरून येते आणि मानेजवळून बाहेर पडते, काचेवर वाफ धरत नाही. एक मात्र, ह्यात हवेचा प्रवाह कमी पडला तर संरक्षण लगेच कमी होतं, त्यामुळं पाईप कुठं दुमडला नाही ना हे बघत राहायचं.

पंप कुठं ठेवायचा ह्यावर सगळ्यात जास्त डोकं लावा. माझा पंप शेडच्या ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला, जमिनीपासून वर, स्टँडवर असतो, कारण थिनरच्या वाफा हवेपेक्षा जड, त्या जमिनीलगत वाहतात. एक्झॉस्ट फॅन बरोबर उलट्या बाजूला. वारा फिरला तर काम थांबवतो, कारण फॅननं बाहेर टाकलेली हवा वळसा घालून पंपाकडं आली तर सगळाच खेळ उलटा. पंपाजवळ गाडी, स्कूटर चालू करायची नाही. लाईट गेली म्हणून जनरेटर लावायचा असेल तर पंपापासून लांब आणि वारा जिकडं जातो त्या अंगाला, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. घरी लाकडावरचा पाण्याचा बंब असेल तर तोही लक्षात घ्या. मिरजेकडं म्हणजे उसाचा पट्टा, हंगामात कुणी शेजारच्या रानात पाचट पेटवली तर त्या दिवशी रंग नाही.

उन्हाळ्यात अजून एक त्रास म्हणजे पंप हवा थोडी गरम करतो, मे महिन्यात हूडमध्ये घाम येतो. पंप आणि पाईप सावलीत ठेवले की बराच फरक पडतो. पाईप कंपनीनं दिलेलाच वापरा, साधा बागेचा पाईप नको, त्याला प्लास्टिकचा वास असतो आणि कमी दाबाच्या पंपाला पाईप रुंद लागतो, बारीक पाईपमधून हवा पोचतच नाही. मी खरेदी करताना कागदावर बघितलं की हे उपकरण श्वासासाठीच तपासलेलं आहे का, आपल्याकडं आयएस १०२४५ हे मानक आहे श्वसनाच्या उपकरणांचं, नाहीतर नायॉशचं किंवा युरोपचं. नुसतं पेंटिंग मास्क विथ पंप असं लिहिलेलं आणि कागद काहीच नाही असली वस्तू पण बाजारात आहे, ती नको. किंमत म्हणाल तर चांगल्या इम्पोर्टेड गनच्या वर जाते, मान्य. पण मी पीयूचं काम घेताना हा खर्च कामातच धरतो.

हार्डनरबद्दल कोकणातलं एक. पावसाळ्यात अर्धा वापरलेला डबा घट्ट बंद करून ठेवला आणि आत ओलावा गेला असेल तर डबा फुगतो, कारण आयसोसायनेट आणि पाणी मिळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. फुगलेला डबा दिसला तर तोंड दुसरीकडं करून सावकाश उघडायचा आणि तो हार्डनर वापरायचा नाही. उरलेलं मिक्स झाकण घट्ट लावून ठेवू नका.

बर्मिंगहॅमकर:

इकडं ब्रिटनमध्ये गाड्यांच्या पेंट शॉपला वीस-एक वर्षांपासून हेच सांगितलं जातंय की टू-पॅक म्हणजे टू-के आयसोसायनेट मारायचा तर हवा पुरवणारा मास्कच, कार्ट्रिज नाही. इथली सरकारी सेफ्टीची संस्था एचएसई तिच्या पत्रकात सांगते की गाड्यांना रंग मारणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे ८० पट आहे. मी स्वतः शॉपमध्ये इस्टिमेटर आहे, रंग मारत नाही, पण रोज बघतो म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या लोक विसरतात.

पहिली, काच वर करणं. पेंटर हात मारून झाला की दोन पावलं मागं येतो आणि रंग कसा बसलाय बघायला काच वर करतो. नेमकं तेव्हाच हवेत सगळ्यात जास्त असतं. धुकं डोळ्याला दिसेनासं झालं तरी बारीक तुषार तरंगतच असतात. म्हणून मास्क काढायचा तो बाहेर आल्यावरच, आणि बाहेर येईपर्यंत हवा चालू. काच खराब होते म्हणून लोक वर करतात, त्यावर उपाय म्हणजे काचेवर चिकटवायच्या पारदर्शक फिल्म मिळतात, एक खराब झाली की आधी बाहेर या मग सोलून टाका.

दुसरी, शेड साफ व्हायला लागणारा वेळ. इथं बूथमध्ये धुराचं मशीन लावतात, तेच जे तिकडं लग्नात स्टेजवर वापरतात, शेड धुरानं भरायची, फॅन चालू करायचा आणि धूर पूर्ण जायला किती वेळ लागतो ते मोजायचं. चांगल्या बूथला काही मिनिटं लागतात, साध्या खोलीला वीस मिनिटं किंवा जास्त. जीपवाल्यांनी हे नक्की करावं, मशीन भाड्यानं सहज मिळेल. त्यात दुसराही फायदा, तुमचा धूर घराकडं जातो का ते डोळ्यानं दिसेल. आणि पंपाकडं वळतो का तेही.

इकडं पेंटरची लघवीची तपासणी होते, काम संपल्यावरच्या नमुन्यात आयसोसायनेट अंगात गेल्याच्या खुणा दिसतात. मास्क ठीक असूनही जास्त आलं तर बरेचदा काच वर करण्याची सवय सापडते.

पीएफटी_ताई:

मी छातीच्या विकारांच्या विभागात टेक्निशियन आहे, फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी करते. पेंटर, फोमवाले, पीयू पॉलिशवाले असे रुग्ण येतात म्हणून लिहितेय.

ह्या दम्याचं वैशिष्ट्य असं की त्रास लगेच होईलच असं नाही. दुपारी काम केलं आणि खोकला रात्री सुरू झाला, चार-आठ तासांनी, त्यामुळं माणसाला वाटतं थंडी बाधली, धूळ लागली. सुट्टीत बरं वाटतं, कामावर गेलं की परत. असं दिसलं तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा, हार्डनरच्या डब्याचा फोटो काढून न्या. बरेच जण सांगतच नाहीत मी रंग मारतो म्हणून, आणि मग वर्षभर नुसता खोकल्याचा औषधोपचार चालतो. एकदा शरीराला ह्याची ॲलर्जी बसली की ती सहसा जात नाही, मग अगदी थोड्यानंही झटका येऊ शकतो, आणि तो झटका जिवावर बेतू शकतो.

जीपवाले दादा, काम सुरू करायच्या आधी एकदा स्पायरोमेट्री म्हणजे फुप्फुसाच्या क्षमतेची ती तपासणी करून घ्या, पुढं काही वाटलं तर तुलना करायला आकडा असतो. तुम्हाला स्वतःला आधीपासून दमा असेल किंवा लहानपणी होता असं असेल तर हार्डनर हातातच घेऊ नका. आणि कातडीतूनही ॲलर्जी बसू शकते, मिक्स करताना, गन धुतानाही नायट्राइलचे हातमोजे आणि अंगभर कपडे हवेत. तो शर्ट घालून घरात जाऊन पोरांना उचलायचं नाही.

आईंना दमा आहे म्हणालात. त्यांना आणि मुलांना त्या दिवशी घरातच ठेवू नका, नातेवाइकांकडं पाठवा. पंधरा-वीस फूट म्हणजे काहीच नाही, आणि मास्क तुम्हाला आहे, त्यांना नाही.

जीपवाला_मिरज:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंय त्यानं विचारात पडलो. मी सगळा विचार माझ्या नाकाचा करत होतो, फॅननं बाहेर टाकलेलं कुठं जाणार हा विचार झालाच नव्हता. शेडचा फॅन घराच्याच बाजूला आहे.

आता असं चाललंय डोक्यात. कॉम्प्रेसरची हवा रद्द. व्हॅक्यूम रद्द. पंपाचा सेट घ्यायचा, हूडवाला, कारण दाढी मी पण ठेवतो. फॅन दुसऱ्या भिंतीला न्यायचा. पण मग घरापाशी क्लिअर मारायचाच का, हाही प्रश्न आहे. गन_भोसरी दादा, बेसकोट घरी आणि क्लिअर दुसरीकडं असं करता येतं का?

गन_भोसरी:

येतं, आणि मला विचाराल तर तुमच्या केसमध्ये तेच करा. सॉल्व्हंटवाला बेसकोट बहुतेक वन-के असतो, त्यात हार्डनर नसतो, डब्यावर आणि टेक्निकल शीटवर बघून खात्री करा कारण काही कंपन्या बेसमध्येही थोडा हार्डनर घालायला सांगतात. वन-के बेस तुम्ही तुमच्या आत्ताच्या कार्ट्रिज मास्कवर, नवीन कार्ट्रिज घालून, शटर उघडं आणि फॅन चालू ठेवून मारू शकता, थिनर तिथंही आहेच. पण बेसवर क्लिअर घालायला मुदत असते, साधारण एका दिवसाच्या आत, नाहीतर परत घासून परत बेस. आणि बेस कच्चा असतो, हात लागला, पाऊस लागला की गेला.

जीपचं बरं असं की बॉनेट, मडगार्ड, टेलगेट, विंडशील्डची फ्रेम सगळं सुटतं. ते सुटे भाग टेम्पोत घालून मिरज-सांगलीत ज्यांच्याकडं बूथ आहे त्यांच्याकडं न्या, बेस आणि क्लिअर दोन्ही तिथंच मारून घ्या किंवा बूथ तासावर देतात का विचारा, काही जण देतात. मुख्य बॉडीचा टब राहिला, तो पण फ्रेमवरून उतरवलेला असेल तर नेता येतो. चेसिस आणि रिम पावडर कोटिंगला द्या, एमआयडीसीत होईल, त्यात हा हार्डनरचा विषयच नाही आणि टिकतं पण जास्त.

आणि रंग कुठला? जुन्या जीपला बरेच जण आर्मी ग्रीन मागतात म्हणून सांगतो, ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला चालत नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२१ वा नियम आहे, तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आरसी बुकात आहे तोच रंग ठेवला तर आरटीओची कटकट नाही.

जीपवाला_मिरज:

रंग लाल आहे आणि लालच ठेवणार. टब उतरवलेलाच आहे, म्हणजे टेम्पोत जाईल. सोमवारी बूथवाल्यांशी बोलतो.

तरी पंपाचा सेट घेणारच आहे, कारण डॅशबोर्ड आणि बारीकसारीक ब्रॅकेट टू-केमध्ये घरीच करायचेत, आणि पुढं अजून गाड्या आहेत. ते काम सुद्धा घरचे गावी गेलेले असतानाच करीन. शेवटचे दोन प्रश्न, पाईप किती लांब चालेल, शेडच्या मागं मोकळं रान आहे तिथवर पंप न्यायचा म्हटला तर लांबवावा लागेल. आणि त्या छोट्या कामाला टू-केचे स्प्रे कॅन मिळतात ते वापरले तर मास्क साधा चालेल का?

सेफ्टी_तळोजा:

कॅनचं आधी. बुडाला बटण दाबून हार्डनर आत फोडायचा तो कॅन म्हणजे तेच आयसोसायनेट, तोच फवारा, फक्त गन नाही. मास्क तोच लागेल.

पाईपला कंपनीनं जी कमाल लांबी लिहिलीय तेवढीच, मध्ये जोड मारून वाढवू नका. अमेरिकेत ३०० फुटांची मर्यादा ऐकाल, ती दाबाच्या हवेच्या लाईनला आहे, तुमच्या कमी दाबाच्या पंपाला ती लावू नका, त्याची लांबी बरेचदा त्यापेक्षा कमी असते. लांब जायचं असेल तर खरेदी करतानाच लांब पाईपचं मॉडेल मागा आणि हूडच्या टोकाला प्रवाह मोजायचं साधन सोबत येतं का विचारा, दर वेळी काम सुरू करायच्या आधी मोजायचं.

पंपाला वेगळी वायर, वेगळं बटण द्या, ज्या बोर्डवर कॉम्प्रेसर आहे त्यावर नको, कॉम्प्रेसरनं फ्यूज उडवला की हवाही जाते. पंप आणि कॉम्प्रेसर दोन्ही शेडबाहेर, कारण त्यांच्या स्विचची ठिणगी आणि थिनरच्या वाफा एकत्र यायला नकोत, तुमच्या साध्या एक्झॉस्ट फॅनची मोटरही त्या हवेच्या वाटेत आहे, ती बदलून मोटर बाहेर असलेला फॅन बसवा. लाईट गेली तर लगेच गन खाली, श्वास धरून सरळ बाहेर, हूड आत काढायचा नाही. आणि पंपाजवळ एक मोठा माणूस उभा पाहिजे जो पंपावरून नजर हटवणार नाही, कुणी तिथं गाडी लावायला आलं तर अडवेल, आणि पंप थांबला तर पत्र्यावर जोरात थाप मारून तुम्हाला बाहेर बोलवेल. हे काम पोरांना सांगू नका.